एका गोळीची बंदूक आणि बफेलो बिल

अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या इतिहासातील जी मोजकी नावे जगभर ठाऊक आहेत, त्यांत बफेलो बिल हे नाव अग्रभागी आहे. रुंद काठाची टोपी, खांद्यावर रुळणारे केस, झालरी लावलेला कातडी अंगरखा आणि हातात रायफल, ही त्याची छबी जाहिरातींच्या भित्तिपत्रकांनी घरोघरी पोहोचवली. मात्र ज्या बंदुकीने त्याला हे नाव मिळवून दिले, ती अजिबात रुबाबदार नव्हती. लष्कराच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीत फेरफार करून ती तयार झाली होती आणि तिच्यातून एका वेळी एकच गोळी सुटे. एका दमात सोळा गोळ्या झाडणाऱ्या रायफली बाजारात आलेल्या असताना या तरुण शिकाऱ्याने जुन्या धाटणीची बंदूक पसंत केली. ही निवड त्याच्यापुरती योग्य ठरली. पुढे तशीच निवड हजारो शिकाऱ्यांनी केली, तेव्हा एका खंडाचे रूप बदलून गेले.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. बफेलो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे म्हैस उभी राहते. अमेरिकेतील बफेलो ही म्हैस नव्हे. तो बायसन, म्हणजे आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातील गव्याचा दूरचा भाऊबंद. भरगच्च आयाळ, उंच वशिंड आणि सातशे ते नऊशे किलो वजनाचा नर, असे हे जनावर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या तीन ते सहा कोटींच्या दरम्यान असावी, असे अंदाज आहेत. मैदानी प्रदेशातील लाकोटा, शायेन, कोमांची आदी जमातींचे अन्न, वस्त्र आणि निवारा या एका जनावरावर अवलंबून होते.

बफेलो बिलचे मूळ नाव विल्यम फ्रेडरिक कोडी. जन्म २६ फेब्रुवारी १८४६ रोजी, आयोवातील ल क्लेअर या गावाजवळ. तो आठ वर्षांचा असताना वडील आयझॅक कोडी कुटुंबासह कॅन्ससमध्ये स्थायिक झाले. कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी, यावरून तेव्हा रक्तपात सुरू होता. १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्ध जाहीर बोलत असताना आयझॅक यांच्यावर सुरीहल्ला झाला. त्या जखमेतून ते पुरते सावरलेच नाहीत आणि १८५७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. संसाराचा भार अकरा वर्षांच्या मुलावर येऊन पडला. मालवाहू बैलगाड्यांचे तांडे चालवणाऱ्या एका कंपनीत निरोप्याची नोकरी त्याने धरली आणि घोड्यावरचे त्याचे आयुष्य सुरू झाले. प्रसिद्ध पोनी एक्सप्रेस टपालसेवेत आपण स्वार होतो, असे तो पुढे सांगत असे. तथापि या दाव्याविषयी इतिहासकारांना शंका आहे. कोडीच्या चरित्रात घडलेले आणि रचलेले यांची सरमिसळ अशी अगदी बालपणापासून सुरू होते.

यादवी युद्धात १८६४ साली तो कॅन्ससच्या सातव्या घोडदळ पलटणीत दाखल झाला. युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये सेंट लुईस येथे लुइसा फ्रेडरिची हिच्याशी त्याचा विवाह झाला. संसाराला स्थैर्य यावे म्हणून त्याने नाना उद्योग केले. १८६७ मध्ये एका भागीदाराबरोबर लोहमार्गालगत रोम नावाचे गाव वसवण्याचा घाट त्याने घातला. मात्र रेल्वेशी संबंधित मंडळींनी जवळच हेज सिटी हे गाव वसवले आणि रोमची वस्ती पाहता पाहता तिकडे निघून गेली. हाती काही उरले नाही. वय अवघे एकवीस, पदरी पत्नी आणि लहान मुलगी. अशा वेळी त्याला काम मिळाले ते मांस पुरवण्याचे.

पुढे कॅन्सस पॅसिफिक या नावाने ओळखली गेलेली रेल्वे तेव्हा पश्चिमेकडे रूळ टाकत चालली होती. शेकडो मजुरांना रोज ताजे मांस लागे. त्यांच्या भोजनाचे कंत्राट घेतलेल्या गोडार्ड बंधूंनी कोडीला नेमले. रोज बारा बायसन मारायचे, मांस कापून गाडीत भरण्यावर देखरेख करायची आणि महिना पाचशे डॉलर घ्यायचे, असा करार होता. त्या काळी ही रक्कम घसघशीत होती, कारण काम जिवावरचे होते. आपल्या भूमीतून आणि कळपांतून लोहमार्ग जाऊ देण्यास तेथील जमातींचा विरोध होता आणि एकटादुकटा शिकारी त्यांच्या सहज तावडीत सापडत असे.

या कामासाठी बंदूक कोणती घ्यायची, हा प्रश्न हौसेचा नव्हता. त्या वर्षी शिकाऱ्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची जुनी बंदूक. ती स्वस्त होती, पण धावत्या घोड्यावर ठासणे हे कष्टाचे काम. दुसरा पर्याय हेन्री किंवा स्पेन्सर या नव्या रायफलींचा. हेन्रीच्या नळीखाली काडतुसांची दुसरी नळी असे. खालचा दांडा पुढे-मागे केला की रिकामे काडतूस बाहेर पडे आणि नवे आत सरके. वेगात तिला तोड नव्हती. तिची गोळी मात्र जेमतेम चौदा ग्रॅम वजनाची आणि तिच्यामागे दोन ग्रॅमहूनही कमी दारू. माणसांच्या लढाईत तेवढे पुरे; जाड कातडे, दाट लोकर आणि भक्कम हाडे असलेल्या बायसनला ती जवळून आणि पुन्हा पुन्हा मारावी लागे.

तिसरा पर्याय होता स्प्रिंगफील्डची १८६६ सालची रायफल. यादवी युद्धानंतर अमेरिकी सरकारच्या कोठारांत ठासणीच्या बंदुकांचे ढीग पडून होते. त्या मोडीत काढण्याऐवजी स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील प्रमुख कारागीर अर्स्किन अॅलिन याने एक युक्ती काढली. नळीची मागची बाजू वरून कापून तेथे बिजागरीचे झाकण बसवले. झाकण वर उचलायचे, काडतूस आत सरकवायचे, झाकण बंद करायचे आणि चाप ओढायचा. मूळच्या रुंद नळीत दुसरी नळी बसवून तोंडाचा व्यास अर्ध्या इंचावर आणला गेला. तिच्या काडतुसात साडेचार ग्रॅम दारू आणि तब्बल एकोणतीस ग्रॅमची शिशाची गोळी असे. हेन्रीच्या दुप्पट वजनाची ही गोळी नेमक्या जागी बसली, तर एकीत काम भागे. शिवाय हे लष्करी काडतूस होते आणि ते मैदानी प्रदेशातील छावण्यांपर्यंत पोहोचू लागले होते. गावे विरळ आणि दुकाने दूर, अशा मुलखात ही बाब लहान नव्हती.

कोडीने ही बंदूक पसंत केली आणि तिला ल्युक्रेशिया बोर्जिया हे नाव दिले. इटलीतील ही सरदारघराण्यातील स्त्री तेव्हा नाटके आणि ऑपेरांमुळे विषप्रयोग करणारी सुंदरी म्हणून लोकांना परिचित होती. देखणी पण प्राणघातक, एवढाच त्या नावाचा अर्थ. कोडीचा दुसरा साथीदार ब्रिगहॅम नावाचा घोडा. दिसायला सुमार, पण कळपाच्या बाजूने धावण्यात तरबेज. प्रत्येक गोळीनंतर काडतूस बदलावे लागणारी बंदूक धावत्या घोड्यावरून चालवायची, तर घोडा आपणहून योग्य अंतरावर धावला पाहिजे. म्हणजेच कोडीची निवड केवळ बंदुकीची नव्हती. बंदूक, घोडा आणि स्वतःचा हात या तिन्हींचा मेळ त्याने जमवला होता. एका गोळीची बंदूक त्यालाच परवडते, ज्याला दुसऱ्या गोळीची गरज क्वचित भासते.

या नोकरीत आपण ४,२८० बायसन मारले, अशी नोंद कोडीने आपल्या आत्मचरित्रात केली. त्यासाठी दीड वर्षापेक्षा कमी काळ लागला, असेही तो सांगतो. मात्र ही नोकरी प्रत्यक्षात सुमारे आठ महिनेच चालली, असे अभ्यासक दाखवून देतात. रोज बारा या हिशेबाने आठ महिन्यांत तीन हजारांचाही टप्पा गाठला जात नाही. तरीही मजुरांनी त्याला दिलेले बफेलो बिल हे नाव टिकले आणि तो आकडाही नावासोबत जगभर फिरला.

बंदुकीच्या निवडीची कसोटी पाहणारा एक प्रसंग याच काळातला सांगितला जातो. बिली कॉमस्टॉक हा फोर्ट वॉलेसचा नामांकित वाटाड्या. दोघांपैकी थोर शिकारी कोण, यावर पाचशे डॉलरची पैज लागली. कॉमस्टॉकच्या हाती वेगवान हेन्री, कोडीच्या हाती एका गोळीची ल्युक्रेशिया. कॉमस्टॉक कळपाच्या मागून पाठलाग करत गेला. त्याने मारलेली जनावरे काही मैलांवर विखुरली. कोडीने घोडा कळपाच्या तोंडाशी नेला आणि पुढारी जनावरे आधी टिपली. त्यामुळे उरलेला कळप गोल फिरू लागला आणि त्याची शिकार एकाच टापूत पडली. दिवसअखेर कोडीचे ६९ आणि कॉमस्टॉकचे ४६ बायसन झाले. ही हकीकतही मुख्यतः कोडीच्या १८७९ मधील आत्मचरित्रातून आलेली आहे. तिला पुष्टी देणारा तत्कालीन पुरावा मिळालेला नाही. कॉमस्टॉक १८६८ च्या ऑगस्टमध्येच मारला गेल्याने त्याची बाजू कधी कळलीच नाही. हकीकतीतील तपशील अतिरंजित असतील; पण पुढारी जनावर आधी पाडायचे हे तंत्र खरे होते. पुढील दशकात त्याच तंत्राने कळपच्या कळप संपले.

१८६८ मध्ये जनरल फिलिप शेरिडन याने कोडीला पाचव्या घोडदळ पलटणीच्या वाटाड्यांचा प्रमुख नेमले. १८६९ मध्ये नेड बंटलाइन या लेखकाने त्याच्या नावावर एक भडक कथामालिका न्यू यॉर्कच्या साप्ताहिकात प्रसिद्ध केली आणि कॅन्ससचा शिकारी शहरी वाचकांचा नायक बनला. जानेवारी १८७२ मध्ये रशियाचा राजपुत्र अॅलेक्सिस नेब्रास्कात शिकारीला आला, तेव्हा सरबराईसाठी शेरिडन आणि कस्टर यांच्याबरोबर कोडीही होता. राजपुत्राचे पिस्तुलाचे बार वाया गेले, तेव्हा आपली ल्युक्रेशिया आपण त्याच्या हाती दिली, असे कोडी सांगत असे. त्याच वर्षी त्याला मेडल ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला आणि डिसेंबरमध्ये शिकागोच्या रंगमंचावर तो स्वतःचीच भूमिका करताना दिसला. त्यानंतर बरीच वर्षे हिवाळ्यात नाटक आणि उन्हाळ्यात वाटाड्याचे काम, असा त्याचा क्रम राहिला.

कोडी रंगमंचाकडे वळला त्याच सुमारास मैदानांवर शिकारीचे स्वरूप पालटत होते. १८७१ च्या आसपास बायसनच्या कातड्यापासून टिकाऊ चामडे कमावण्याची पद्धत पूर्वेकडील कारखान्यांना साधली. यंत्रांच्या पट्ट्यांसाठी, बुटांसाठी या चामड्याला मागणी आली. कातडे दोन-तीन डॉलरला विकले जाऊ लागले आणि १८७२ मध्ये लोहमार्ग पोहोचलेले डॉज सिटी कातड्यांच्या थप्प्यांनी भरून गेले. आता शिकार मांसासाठी नव्हती आणि घोड्यावरूनही नव्हती. तिच्यासाठी वेगळी बंदूक लागत होती.

या शिकाऱ्यांनीही एकाच गोळीच्या बंदुका निवडल्या. त्यांत दोन नावे मुख्य होती. ख्रिश्चन शार्प्स याच्या १८४८ मधील पेटंटवर आधारलेली शार्प्स रायफल आणि रेमिंग्टन कंपनीची रोलिंग ब्लॉक. शार्प्समध्ये चापाखालचा दांडा ओढला की नळीमागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरे. रेमिंग्टनमध्ये तो ठोकळा अंगठ्याने मागे फिरवता येई. दोन्ही रचना साध्या व दणकट असल्याने काडतुसात भरपूर दारू घालणे शक्य होते. १८७२ मध्ये आलेल्या, अर्धा इंच व्यासाच्या शार्प्स काडतुसात स्प्रिंगफील्डहून सव्वापट दारू मावे. बंदुकीचे वजन साडेचार किलोपासून सात किलोपर्यंत. घोड्यावरील स्वाराला हे ओझे नकोसे. पण जमिनीवर बसून दोन काठ्यांच्या आधाराने नेम धरणाऱ्याला जड नळी हवीच असे. ती हलत नाही आणि उशिरा तापते. वापरलेली पितळी काडतुसे शिकारी रात्री तळावर पुन्हा भरून ठेवत.

वाऱ्याची दिशा पाहून दोन-तीनशे यार्डांवर बैठक मारायची आणि कळपाची पुढारीण असलेली म्हातारी गाय आधी टिपायची, ही त्यांची रीत. माणूस दिसत नाही, धोका कळत नाही, म्हणून बाकीचे बायसन पळण्याऐवजी तेथेच घुटमळत. मग सावकाश, एकेक करून सगळे. पाठलाग नाही, जोखीम जवळपास नाही. नळी फार तापू नये एवढीच काळजी. बंदुकीचा संथपणा येथे उणीव ठरलाच नाही, कारण शिकाऱ्याला घाई नव्हती. कातडे सोलणाऱ्यांचे हात जेवढे चालतील, तेवढेच मारायचे. मांस बहुधा जागीच सडत पडे.

दक्षिणेकडील कळप १८७० चे दशक संपेपर्यंत नामशेष झाले आणि उत्तरेकडील १८८३ पर्यंत. शार्प्स कंपनीचा कारखानाही १८८१ मध्ये बंद पडला. कोडीने मारलेली जनावरे, त्याचाच आकडा धरला तरी, या संहारापुढे नगण्य होती. तरीही जगाच्या स्मरणात राहिला तो त्याचा एकट्याचा चेहरा. कातड्यांचे शिकारी बहुतांशी अनामिक राहिले.

या संहाराची सर्वांत मोठी किंमत मोजली ती मैदानी जमातींनी. बायसन संपले तसे त्यांचे स्वातंत्र्यही संपले. सरकारी शिध्यावर राखीव प्रदेशात राहण्याखेरीज त्यांच्यापुढे पर्याय उरला नाही. लष्करातील अनेक अधिकाऱ्यांना हा परिणाम हवासाच होता. कोडी या संघर्षात लष्कराच्या बाजूने उभा होता. १८७६ च्या जुलैमध्ये, कस्टरच्या पराभवानंतर तीन आठवड्यांनी, नेब्रास्कातील वॉरबॉनेट क्रीक येथे त्याने यलो हेअर या शायेन योद्ध्याला ठार करून त्याच्या टाळूचे केस कापून घेतले. हाच प्रसंग त्याने पुढे रंगमंचावर वारंवार सादर केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचा पाच वर्षांचा एकुलता मुलगा तापाने दगावला होता.

दरम्यान कोडीची स्वतःची निवडही बदलली होती. विंचेस्टर कंपनीने १८७५ च्या आपल्या माहितीपत्रकात त्याचे प्रशंसापत्र छापले. कंपनीची १८७३ ची अनेक गोळ्यांची रायफल सर्वोत्तम असल्याचा निर्वाळा त्यात होता. एका गोळीच्या बंदुकीने मिळवलेले नाव आता दुसऱ्याच बंदुकीच्या विक्रीसाठी कामी आले. मात्र त्या वेळी कोडीला रोज बारा बायसन मारायचे नव्हते. वाटाड्याच्या कामात अचानक गाठ पडणाऱ्या शत्रूपुढे वेगच उपयोगाचा होता. बंदुकीची निवड कामावरून ठरते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

१८८३ च्या मे महिन्यात ओमाहा येथे त्याने वाइल्ड वेस्ट हा भव्य खुल्या मैदानातील खेळ सुरू केला. अॅनी ओकली ही नेमबाज १८८५ मध्ये त्यात सामील झाली. लाकोटांचा नेता सिटिंग बुल त्याच वर्षी एक हंगाम या खेळाबरोबर हिंडला. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात लंडन आणि १८८९ मध्ये पॅरिस या खेळाने जिंकले. कोडी दौडत्या घोड्यावरून हवेत उडवलेले काचेचे गोळे फोडत असे. त्यासाठी त्याच्या रायफलीत एका गोळीऐवजी बारीक छऱ्यांची काडतुसे असत. प्रेक्षकांत बसलेल्या माणसांना इजा होऊ नये, हे त्यामागचे व्यावहारिक कारण.

या खेळात बायसनची शिकारही दाखवली जाई. घोडेस्वार कळपाचा पाठलाग करत, पोकळ बार उडत, धूर होई आणि कळप रिंगणाबाहेर जाई. दुसऱ्या दिवशी तीच जनावरे पुन्हा धावत येत. ज्या माणसाचे नाव बायसन मारण्यावरून पडले, त्याला आता हेच बायसन जिवंत राखणे भाग होते, कारण नवे मिळण्याजोगे उरलेच नव्हते. निसर्गअभ्यासक विल्यम हॉर्नडे याने १८८९ च्या आरंभी केलेल्या मोजदादीत उत्तर अमेरिकेत सगळे मिळून १,०९१ बायसन भरले. त्यांपैकी २५६ माणसांनी पाळलेले होते आणि त्यांत कोडीच्या खेळातील कळपाचाही समावेश होता. कातड्यांसाठी होणाऱ्या कत्तलीविरुद्ध आणि शिकारीला ठरावीक हंगाम असावा यासाठी कोडी उत्तरायुष्यात बोलत राहिला. आपल्या खेळातील मूळ रहिवाशांना त्याने इतर अनेकांपेक्षा सन्मानाने वागवले, अशीही नोंद आहे. या गोष्टींनी पूर्वायुष्य पुसले जात नाही. पण तो केवळ संहारक होता, असेही मग म्हणता येत नाही.

शेवटची वर्षे ओढगस्तीची गेली. वायोमिंगमध्ये १८९० च्या दशकात त्याने कोडी हे गाव वसवले आणि पाटबंधारे, खाणी यांत पैसा ओतला. तो परत आला नाही. १९१३ मध्ये कर्जापायी त्याचा खेळ जप्त होऊन लिलावात निघाला. त्यानंतर म्हाताऱ्या कोडीला दुसऱ्यांच्या सर्कशीत घोड्यावर बसावे लागले. १० जानेवारी १९१७ रोजी डेन्व्हर येथे त्याचे निधन झाले आणि जूनमध्ये शहराजवळच्या लुकआउट टेकडीवर त्याला पुरण्यात आले. मृत्यूनंतर महिन्याभरातच, तो सैनिक नव्हे तर मुलकी वाटाड्या होता या कारणास्तव, त्याचे मेडल ऑफ ऑनर यादीतून काढण्यात आले. १९८९ मध्ये ते पुन्हा बहाल झाले.

आज शार्प्स, रेमिंग्टन आणि स्प्रिंगफील्डच्या हुबेहूब नव्या प्रती तयार होतात. काळ्या दारूच्या काडतुसांनी दूरचे पोलादी लक्ष्य टिपण्याच्या स्पर्धा भरतात आणि कोणती बंदूक श्रेष्ठ, यावर हौशी मंडळींत वाद रंगतात. त्या वादाचे उत्तर १८६७ च्या कॅन्ससमध्ये एक होते आणि १८७४ मध्ये दुसरे. घोड्यावरून पाठलाग करायचा असेल तर हलकी, झटपट झाकण उघडणारी स्प्रिंगफील्ड. बसून दूरचे टिपायचे असेल तर जड शार्प्स. काम बदलले की निवड बदलते. काम कोणते करायचे, हे मात्र बंदूक ठरवत नाही.

बायसन वाचला तो थोडक्यात. १९०५ मध्ये हॉर्नडेच्या पुढाकाराने अमेरिकन बायसन सोसायटी स्थापन झाली. १९०७ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातून पंधरा बायसन रेल्वेने ओक्लाहोमाच्या माळावर नेण्यात आले. लोहमार्गाच्या मजुरांसाठी ज्यांची शिकार झाली, त्यांचे वंशज लोहमार्गानेच परतले. २०१६ मध्ये बायसनला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी म्हणून मान्यता मिळाली. ल्युक्रेशिया बोर्जिया वायोमिंगमधील कोडी गावच्या संग्रहालयात आहे. तिचा लाकडी दस्ता शिल्लक नाही. उरली आहे ती लोखंडी नळी आणि तिच्यावरचे ते बिजागरीचे झाकण.